घरच्या वायफायचा पासवर्ड : मोबाइलवरून बदलण्याची रीत

घरच्या वायफायचा पासवर्ड ही राउटर आणि त्याला जोडले जाणारे प्रत्येक उपकरण यांच्यात आधीच ठरलेली खूण असते. ती राउटरमध्ये साठवलेली असते आणि मोबाइलमध्ये तिची फक्त एक प्रत असते. त्यामुळे मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन जुना पासवर्ड खोडला आणि नवा टाकला, तर पासवर्ड बदलत नाही. तेवढा तो मोबाइल जोडणीबाहेर पडतो. बदल करायचा तो राउटरच्या आत. मोबाइल हे तिथपर्यंत पोहोचण्याचे साधन. एवढे ध्यानात घेतले की उरलेले काम पाच-दहा मिनिटांचे आहे. त्यासाठी संगणक लागत नाही, तार लागत नाही आणि कंपनीचा माणूस घरी येण्याची वाट पाहावी लागत नाही.

एका राउटरचे दोन पासवर्ड

प्रत्येक राउटरला दोन वेगळे पासवर्ड असतात आणि बहुतेक गोंधळ त्यांची गल्लत झाल्यामुळे होतो. पहिला वायफायचा. पाहुणे मागतात तो, मोबाइल आणि टीव्हीत भरला जातो तो. दुसरा राउटरच्या व्यवस्थापनाचा, म्हणजे अ‍ॅडमिन पासवर्ड. पहिला पासवर्ड घरात येऊ देतो, दुसरा घराचे कुलूपच बदलू देतो.

राउटर उलटा केला की तळाशी चिकटवलेला स्टिकर दिसतो. मॉडेल आणि अनुक्रमांकाच्या खाली सहसा दोन गट असतात. ‘एसएसआयडी’ या शब्दापुढे वायफायचे नाव आणि ‘वायरलेस पासवर्ड’ किंवा ‘की’ यापुढे कारखान्यात ठरलेला पासवर्ड. त्याच्या खाली किंवा शेजारी एक आकडेवजा पत्ता, त्यापुढे युजरनेम आणि आणखी एक पासवर्ड. हा दुसरा गट व्यवस्थापनाचा. काही नव्या राउटरांवर अ‍ॅडमिन पासवर्ड छापलेला नसतो. पहिल्यांदा राउटर सुरू करतानाच तो ठरवावा लागतो. स्टिकर झिजतो, धुळीने पुसट होतो, म्हणून त्याचा एक फोटो काढून ठेवणे शहाणपणाचे.

वायफायचा पासवर्ड बदलून अ‍ॅडमिन पासवर्ड कारखान्यातलाच ठेवला, तर काम अर्धेच होते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरचे लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी तिला कुठलीही अवघड युक्ती लागली नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या तिच्यात भरलेल्या होत्या आणि त्या एकामागून एक लावून पाहिल्या जात. मालकांनी त्या बदललेल्या नसल्याने दारे उघडत गेली. त्याच उपकरणांच्या झुंडीने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेतल्या अनेकांना काही तास ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा मिळेनाशा झाल्या.

पासवर्ड केव्हा बदलावा

वायफायचा पासवर्ड एकदा कुणाला दिला की तो परत घेता येत नाही. सुटीत आलेली भाचरे, शेजारचा मुलगा, जुना भाडेकरू, टीव्ही बसवायला आलेला कारागीर, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये त्याची प्रत राहते आणि तो माणूस जिन्यात आला तरी मोबाइल आपोआप जोडला जातो. राउटरमध्ये एखादे उपकरण नेमके अडवण्याची सोय असते. पण ती उपकरणाच्या ‘मॅक’ क्रमांकावर चालते, आणि अँड्रॉइड १० व आयओएस १४ पासूनचे मोबाइल हा क्रमांक बनावट दाखवू शकतात. नेटवर्क विसरून पुन्हा जोडले की काही मोबाइल वेगळ्याच क्रमांकाने हजर होतात. म्हणून पासवर्ड बदलणे हाच खात्रीचा उपाय. त्याने सगळी उपकरणे एकदम बाहेर पडतात आणि हवी तेवढीच परत आत घेता येतात.

पासवर्ड बदलण्याची कारणे ठरावीक आहेत. राउटर नव्याने बसवला असेल, बसवणाऱ्याने ग्राहकाचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकला असेल, भाडेकरू किंवा घरात राहिलेले कुणी निघून गेले असेल, जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अनोळखी नाव दिसत असेल किंवा पासवर्ड फार जणांकडे पोचला असेल, तर तो लगेच बदलावा. यांतले काहीच नसेल तर दर महिन्याला बदलण्याचा नेम धरण्याची गरज नाही. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावल्याने लोक सोपे आणि एकसारखे पासवर्ड ठेवू लागतात, हे ध्यानात घेऊन अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये तसा आग्रह सोडला.

प्रश्न फक्त फुकट वापरल्या जाणाऱ्या डेटाचा नसतो. घरातली सगळी उपकरणे बाहेरच्या जगाला एकाच इंटरनेट पत्त्यावरून बोलताना दिसतात आणि त्या जोडणीवर नाव असते ग्राहकाचे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत झालेल्या बॉम्बस्फोटांच्या थोडा वेळ आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला. तपास यंत्रणा माग काढत पोचल्या नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरात. तिथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाचे वायफाय वापरून तो ईमेल दुसऱ्याच कुणी पाठवला होता. त्या नागरिकाचा कटाशी संबंध निघाला नाही, पण चौकशी मात्र त्याच्या मागे लागली. त्यानंतर २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने वायफाय जोडण्या सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या.

नवा पासवर्ड कसा असावा

आज घरोघरी वापरात असलेल्या ‘डब्ल्यूपीए२’ पद्धतीत पासवर्ड कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा चालतो. हा पासवर्ड हवेतून जसाच्या तसा कधीच पाठवला जात नाही. पासवर्ड आणि वायफायचे नाव एकत्र करून त्यांच्यावर ४,०९६ वेळा गणिती प्रक्रिया केली जाते आणि तिच्यातून २५६ बिटांची किल्ली तयार होते. जोडणीच्या वेळी राउटर आणि मोबाइल एकमेकांना चार संदेश पाठवून ही किल्ली दोघांकडेही आहे याची खात्री करून घेतात.

धोका याच चार संदेशांत असतो. आसपास बसलेला माणूस ते टिपून ठेवू शकतो आणि नंतर सवडीने, आपल्या संगणकावर, एकेक पासवर्ड लावून कोणता जुळतो ते पाहू शकतो. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. चांगल्या ताकदीचे एक ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख पासवर्ड तपासू शकते. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे शक्यता झाल्या ४०० कोटी. सेकंदाला दहा लाख या वेगाने त्या सगळ्या तपासायला ४,००० सेकंद, म्हणजे सव्वा तासापेक्षाही कमी वेळ पुरतो. मोबाइल नंबर हा वायफायचा पासवर्ड म्हणून किती कुचकामी आहे ते या हिशेबावरून कळते. जन्मतारीख, फ्लॅट नंबर किंवा मुलांच्या नावापुढे १२३ यांची अवस्था त्याहून वाईट.

लांबी वाढली की चित्र पालटते. पाच हजार शब्दांच्या यादीतून डोळे मिटून चार शब्द उचलले, तर त्याच वेगाने सगळ्या जुळण्या तपासायला सुमारे वीस वर्षे लागतील; पाच शब्द उचलले तर जवळजवळ लाख वर्षे. म्हणून चिंच, ट्रॅक्टर, उशी, फाल्गुन, पोस्टमन असे एकमेकांशी काही संबंध नसलेले मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले, तर पासवर्ड भक्कम होतो आणि तोंडी सांगताही येतो. म्हण, गाण्याची ओळ किंवा देवाचे नाव मात्र टाळावे, कारण असे शब्दसमूह अंदाज बांधणाऱ्यांच्या यादीत आधीच असतात. पासवर्ड देवनागरीत ठेवू नये. बरेच राउटर तो स्वीकारत नाहीत आणि टीव्हीच्या रिमोटवरून तो टाइप करणे अशक्यप्राय होऊन बसते.

नवा पासवर्ड ठरला की आधी कागदावर लिहावा, मग राउटरमध्ये टाकावा. टाइप करताना झालेली एक चूक सेव्ह झाली, तर घरातले एकही उपकरण जोडले जाणार नाही.

पहिला मार्ग : अ‍ॅप

इंटरनेट मोठ्या कंपनीचे असेल तर हा मार्ग सर्वांत सोपा. जिओच्या ग्राहकांना ‘मायजिओ’ आणि एअरटेलच्या ग्राहकांना ‘एअरटेल थँक्स’ या अ‍ॅपमधून वायफायचे नाव व पासवर्ड बदलता येतो. अ‍ॅपमध्ये नोंदणीकृत मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून प्रवेश करावा, फायबरची जोडणी निवडावी आणि तिच्या सेटिंगमध्ये वायफायचा विभाग उघडावा. अ‍ॅपची मांडणी अधूनमधून बदलत असते, पण ‘वायफाय’ आणि ‘पासवर्ड’ हे शब्द शोधले की पुरे. ही विनंती कंपनीच्या सर्व्हरमार्फत राउटरपर्यंत पोचते. त्यासाठी राउटर चालू आणि नेटला जोडलेला असावा लागतो.

राउटर स्वतः विकत घेतलेला असेल तर तो बनवणाऱ्या कंपनीचे अ‍ॅप चालते. टीपी-लिंकसाठी ‘टेथर’, नेटगिअरच्या बऱ्याच राउटरांसाठी ‘नाइटहॉक’, गुगलच्या नेस्ट वायफायसाठी ‘गुगल होम’. पहिल्यांदा वापरताना मोबाइल त्याच राउटरच्या वायफायला जोडलेला हवा. अ‍ॅप अ‍ॅडमिन पासवर्ड किंवा कंपनीचे खाते मागते.

अ‍ॅप प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधूनच घ्यावे. कंपनीचा मदत क्रमांकही बिलावर किंवा अ‍ॅपमध्येच पाहावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला ‘कस्टमर केअर’ नंबर भामट्यांचा असू शकतो. वायफायचा पासवर्ड बदलण्यासाठी कुणालाही फोनवरून ओटीपी सांगावा लागत नाही आणि मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दिसू देणारे अ‍ॅपही घ्यावे लागत नाही. असे कुणी सांगितले तर फोन ठेवावा. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

दुसरा मार्ग : ब्राउझर

गावोगावच्या केबलवाल्यांकडून घेतलेल्या जोडण्यांना बहुधा स्वतंत्र अ‍ॅप नसते. तिथे ब्राउझरचा मार्ग कामी येतो, आणि तो जवळजवळ प्रत्येक राउटरवर चालतो.

आधी मोबाइल घरच्या वायफायला जोडावा आणि मोबाइल डेटा बंद करावा. डेटा चालू असला तर ब्राउझर राउटरऐवजी सिमच्या मार्गाने बाहेर पडू शकतो आणि पान उघडत नाही. व्हीपीएन वापरात असेल तर तोही तेवढ्यापुरता थांबवावा.

मग राउटरचा पत्ता शोधावा. तो स्टिकरवर असतो. नसला तर मोबाइलमध्ये सापडतो. अँड्रॉइडमध्ये वायफायच्या यादीत जोडलेल्या नावापुढच्या चक्राच्या खुणेला स्पर्श केला की तपशिलांत ‘गेटवे’ असा शब्द दिसतो. आयफोनमध्ये वायफायच्या नावापुढच्या निळ्या गोलाला स्पर्श केल्यावर खाली ‘राउटर’ असे लिहिलेले असते. त्यापुढचा आकडा म्हणजे पत्ता. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरच्या राउटरचा १९२.१६८.२९.१ असतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरच्या आणि कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यासाठीच राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे लाखो घरांत एकच पत्ता असूनही टक्कर होत नाही.

हा पत्ता ब्राउझरच्या सर्वांत वरच्या पट्टीत टाकावा. कीबोर्ड मराठी असेल तर तो बदलून इंग्रजी आकडे वापरावेत. पान उघडताना जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा दिसू शकतो. घरच्या राउटरकडे संकेतस्थळांसारखे प्रमाणपत्र नसल्याने तो येतो. पत्ता आपल्याच राउटरचा असल्याची खात्री असेल तर पुढे जायला हरकत नाही. मग युजरनेम आणि अ‍ॅडमिन पासवर्ड टाकावा.

आत गेल्यावर ‘वायरलेस’, ‘डब्ल्यूलॅन’ किंवा ‘वायफाय’ असा विभाग शोधावा. काही राउटरांत तो ‘नेटवर्क’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’च्या पोटात दडलेला असतो. त्यात ‘सिक्युरिटी’ उघडली की पासवर्डाची चौकट सापडते. तिच्यावर ‘पासवर्ड’, ‘प्री-शेअर्ड की’ किंवा ‘पासफ्रेज’ यांपैकी काहीही लिहिलेले असू शकते. जुना खोडून नवा टाकावा, डोळ्याच्या खुणेला स्पर्श करून तो अक्षर न् अक्षर तपासावा आणि मग ‘सेव्ह’ किंवा ‘अप्लाय’ दाबावे. राउटरला २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतील, तर दोन्हींची पाने वेगळी असू शकतात. तसे असल्यास दोन्हीकडे बदल करावा लागतो. एकाच ठिकाणी केला, तर जुना पासवर्ड दुसऱ्या पट्ट्यावर चालूच राहतो.

त्याच पानावर सुरक्षेचा प्रकारही पाहून घ्यावा. १९९७ मध्ये आलेली ‘डब्ल्यूईपी’ पद्धत २००१ मध्येच मोडीत निघाली होती. २००३ ची ‘डब्ल्यूपीए’ ही तात्पुरती डागडुजी होती. २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए२’ आणि २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए३’ आली. डब्ल्यूपीए३ मध्ये संदेश टिपून घरी बसून अंदाज लावण्याची वाटच बंद केलेली आहे. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावे लागते. यादीत ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा संमिश्र पर्याय असेल तर तो घ्यावा, म्हणजे जुनी उपकरणेही चालतात. नसेल तर ‘डब्ल्यूपीए२’ सोबत ‘एईएस’ निवडावे.

बदल झाल्यावर

सेव्ह दाबताच मोबाइलचे वायफाय तुटते. हे अपेक्षितच असते. काही राउटर या वेळी बंद होऊन पुन्हा सुरू होतात. मिनिटभराने वायफायची यादी उघडून नवा पासवर्ड टाकावा. मोबाइल जुनाच पासवर्ड वापरत राहिला आणि ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणू लागला, तर त्या नावावर ‘फरगेट’ करून पुन्हा जोडावे.

एक मोबाइल जोडला गेला की घरातल्या इतरांसाठी टाइप करत बसावे लागत नाही. अँड्रॉइड १० पासून पुढच्या मोबाइलमध्ये वायफायच्या तपशिलांत ‘शेअर’ दाबले की क्यूआर कोड येतो. दुसऱ्या मोबाइलने तो स्कॅन केला की जोडणी होते. एकमेकांच्या संपर्कयादीत असलेले दोन आयफोन जवळ धरले, तर एकावरून दुसऱ्याकडे पासवर्ड पाठवता येतो.

टीव्ही, प्रिंटर आणि सेट-टॉप बॉक्स यांना त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमधून जोडावे लागते. स्मार्ट बल्ब, प्लग आणि कॅमेऱ्यांना पडदा नसल्याने ती उपकरणे त्या-त्या अ‍ॅपमधून नव्याने जोडावी लागतात, आणि त्यांतली बरीचशी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफायवरचा सुरक्षा कॅमेरा नवा पासवर्ड मिळेपर्यंत मोबाइलवर दिसत नाही, आणि कित्येक कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंगही तोवर थांबते. त्यामुळे हे काम रात्री झोपताना किंवा गावाला निघताना करू नये. आतल्या खोलीत लावलेला एक्स्टेंडरही विसरू नये. त्याला नवा पासवर्ड दिला नाही, तर तो डबा नाव दाखवत राहतो पण नेट देत नाही.

सगळे जोडून झाले की राउटरच्या पानावर किंवा अ‍ॅपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी पाहावी. घरातल्या वस्तू मोजून आकडा जुळतो का ते बघितले की काम नीट झाल्याची खात्री पटते.

अ‍ॅडमिन पासवर्ड आठवत नसेल तर

आधी स्टिकरवरचा लावून पाहावा. तो चालला नाही तर इंटरनेट देणाऱ्याला विचारावे, कारण जोडणी देताना त्याने तो बदललेला असू शकतो. राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबले की राउटर कारखान्यातल्या स्थितीला परत जातो; पण हा अखेरचा उपाय आहे. त्याने पासवर्डाबरोबर नेटच्या जोडणीसाठी कंपनीने भरलेले नाव आणि पासवर्डही पुसले जाऊ शकतात, आणि ते हाताशी नसले तर नेटच बंद पडते. छिद्राला हात लावण्यापूर्वी तो तपशील मागून घ्यावा.

त्याच बैठकीत करायची तीन कामे

राउटरच्या पानावर पोचलोच आहोत, तर आणखी तीन गोष्टी उरकून घ्याव्यात. पहिली, अ‍ॅडमिन पासवर्ड बदलणे. तो वायफायच्या पासवर्डाहून वेगळा ठेवावा.

दुसरी, ‘डब्ल्यूपीएस’ बंद करणे. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून झटपट जोडणी करण्याची ही सोय आहे. आठ आकडे म्हटले की शक्यता कोट्यवधी वाटतात; पण राउटर हा पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा फक्त पडताळणीचा असतो. म्हणून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ मध्ये उघड झाले. ही वाट उघडी राहिली, तर पासवर्ड कितीही लांब असला तरी त्याचा उपयोग नाही.

तिसरी, ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करणे. पाहुण्यांसाठी वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड असलेले हे दुसरे वायफाय त्याच राउटरमधून निघते. त्यावरून नेट मिळते, पण ही सोय नीट लावलेली असली की घरातला प्रिंटर, कॅमेरा किंवा संगणक दिसत नाही. गणपती-दिवाळीची वर्दळ ओसरली की फक्त त्याचा पासवर्ड बदलला की भागते. टीव्ही आणि बल्ब पुन्हा जोडत बसावे लागत नाही.

जोडणी बसवणारा घराबाहेर पडला की त्याच दिवशी वायफायचा आणि अ‍ॅडमिनचा असे दोन्ही पासवर्ड बदलून टाकावेत. त्या वेळी जोडलेली उपकरणे सर्वांत कमी असतात आणि काम सर्वांत लवकर उरकते.